रेषांबाहेरची जागा

पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत पाणी आणि पार्किंग यांच्या जोडीला भांडणाचा आणखी एक विषय आला आहे: पिकलबॉलचे कोर्ट आखायचे का, आणि आखायचेच तर कुठे. वाद बहुतेक आवाजावर आणि मुलांच्या क्रिकेटवर होतो. दोन्ही तक्रारी रास्त आहेत, आणि खेळाच्या वेळा ठरवून त्या बऱ्याचशा मिटवता येतात. मापाबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही, कारण ते सगळ्यांना पाठ असते. २० फूट रुंद, ४४ फूट लांब. रंगारी बोलवा आणि मोकळे व्हा.

हे आकडे बॅडमिंटनचे. १९६५ साली अमेरिकेतल्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड आणि त्याच्या मित्रांनी जुन्या बॅडमिंटन कोर्टावर हा खेळ जुळवला आणि दुहेरी कोर्टाचे माप तसेच राहिले. (बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ म्हणत, पुणेकरांनी थोडा हक्क सांगायला हरकत नाही.) त्यामुळे बॅडमिंटनच्या रेषा आहेतच, वेगळ्या कशाला, असा सूर निघतो. पण बॅडमिंटनची पुढची सर्व्हिस रेषा जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, तर पिकलबॉलमधल्या ‘किचन’ची हद्द सात फुटांवर. हा अर्धा फूट क्षुल्लक नाही. किचनमध्ये, अगदी त्याच्या रेषेवर पाय ठेवूनही, चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही, आणि सगळा खेळ त्या रेषेच्या काठावर चालतो. दोन रेषा इतक्या जवळ आणि एकाच रंगाच्या असल्या की प्रत्येक गुणाला पंचायत बसणार. तेव्हा किचनची रेषा वेगळ्या रंगात हवीच.

आखणी मन लावून करणाऱ्यांचे म्हणणे असे की, एकदाच करायचे तर नियमाबरहुकूम करा. त्यात तथ्य आहे. भिंतीच्या कडेवर भिस्त ठेवून कोर्ट आखले की ते गुण्यात बसेलच असे नाही. भिंतच तिरकी असू शकते. म्हणून आधी जाळीची २० फुटांची दोरी ताणायची, तिच्या दोन्ही टोकांतून मागे २२-२२ फूट मोजायचे आणि अर्ध्या कोर्टाचे दोन्ही कर्ण तपासायचे. प्रत्येक कर्ण २९ फूट पावणेनऊ इंच भरला पाहिजे. मागची रेषा २२ फुटांत तीनच इंच बाजूला सरकली, तर दोन कर्णांत सुमारे चार इंचांचा फरक पडतो. डोळ्याला न दिसलेला तिरकेपणा टेप दाखवते. पूर्ण कोर्टाचा कर्ण ४८ फूट ४ इंच. आणखी एक नेहमीची चूक: रेषा दोन इंच रुंद असतात आणि माप त्यांच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरायचे असते. आतल्या कडेवर २० फूट धरले, तर कोर्ट चार इंचांनी रुंद होते.

एवढा काटेकोरपणा करूनही कोर्ट धोक्याचे ठरू शकते, कारण खेळाडू रेषांच्या आतच थांबत नाही. खेळायला एकूण किमान ३० बाय ६० फूट जागा धरतात, म्हणजे मागे आठ-आठ आणि बाजूला पाच-पाच फूट मोकळे. ऐसपैस जागा असेल तर ३४ बाय ६४. सोसायटीच्या पोडियमवर ५० फूट लांबी मिळाली आणि त्यात हट्टाने ४४ फुटांचे कोर्ट बसवले, तर मागे उरतात तीन फूट, आणि त्यापुढे कठडा, कुंड्या नाहीतर पार्किंगचा खांब. हा खेळ साठी ओलांडलेल्यांनाही मानवतो, कारण धावपळ कमी. पण डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी उलट पावली पळणे हे त्यांच्यासाठीच सर्वांत धोक्याचे.

मग जागा अपुरी असेल तर काटछाट कशाची करायची? प्रशिक्षक म्हणतील, रेषांना हात लावू नका. आखूड कोर्टावर शिकलेल्या मुलांचा अंदाज स्पर्धेत चुकतो. खरे आहे. लांबी ४४ वरून ४० वर आणली तर सर्व्हिस कोर्ट पंधराऐवजी तेरा फूट खोल राहते, आणि लांब सर्व्हिसची सवय मोडते. तरीही आमचे मत रेषा आत घेण्याच्या बाजूने आहे. संध्याकाळी तासभर खेळणाऱ्यांत स्पर्धेला जाणारे थोडेच. त्यांनी सरावापुरते पूर्ण मापाचे कोर्ट शोधावे. किचनचे सात फूट आणि जाळीची उंची, कडेला ३६ आणि मध्ये ३४ इंच, एवढे मात्र जसेच्या तसे ठेवावे. बराचसा खेळ तिथेच असतो.

पक्क्या रंगाचा प्रश्न त्याहून सोपा आहे. चिकटपट्टीच्या रेषा पावसाळ्यात सुटतात आणि सारख्या लावायचा कंटाळा येतो, हे मान्य. पण रंग एकदा बसला की जागेची मालकीही बसते. ज्या मुलांचे क्रिकेट तिथे चालायचे त्यांना मग कुणी विचारत नाही. म्हणून पूर्ण ३० बाय ६० मोकळे असेल तिथे रंग खुशाल द्यावा, शक्यतो उत्तर-दक्षिण आखून, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे ऊन डोळ्यांवर येत नाही. जिथे आखूड कोर्टावर भागवायचे आहे, तिथे खडू किंवा चिकटपट्टीच बरी. दोन महिने खेळून पाहा, कोण किती येते ते बघा, खालच्या मजल्यावरच्यांना विचारा.

आणि सभेपुढे ठराव ठेवाल तेव्हा त्यात कोर्टाचे नव्हे, मोकळ्या जागेचे माप लिहा. ते लिहायला टेप घेऊन खाली उतरावे लागेल, तेवढे समितीने करावे.