गेममधला रस्ता आणि आपला रस्ता

'नीड फॉर स्पीड: हॉट परस्यूट' (२०१०) मुलांना का आवडतो? कधी पळणारा रेसर व्हायचं, कधी पाठलाग करणारा पोलीस. नाकाबंदी, टायर फोडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या, हेलिकॉप्टर! नजर आणि हात चपळ लागतात, हे मान्य. पण त्या रस्त्यांवर पायी चालणारं कुणीच नाही. गाडी आदळली, तरी क्षणात पुन्हा धावते. आपल्या जिंतूर-येलदरी रस्त्यावर बैलगाडी असते, शाळकरी पोरं असतात; तिथं दुसरा डाव नाही. विनापरवाना अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकालाच २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. म्हणून गेम हिसकावू नका, शेजारी बसून हा फरक दाखवा. गाडीची किल्ली मात्र आपल्याच खिशात ठेवा.