विश्लेषण : खालच्या कोर्टात दावा रखडला, हायकोर्ट मुदत घालून देते का?

वाटणीचा दावा वर्षानुवर्षे ‘पुढील तारखे’वर अडकला असेल, तर पक्षकाराने काय करावे? राज्यघटनेच्या अनुच्छेद २२७ नुसार उच्च न्यायालयाला कनिष्ठ न्यायालयांवर देखरेखीचा अधिकार आहे. त्याआधारे याचिका करून दावा लवकर निकाली काढण्याचा निर्देश मागता येतो. फौजदारी खटल्यांत तर जलद सुनावणी हा अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हुसैनआरा खातून प्रकरणात मान्य केले.

मग अडचण कुठे?

२९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केले, की अपवादात्मक परिस्थितीतच अशी कालमर्यादा घालावी. कोणता खटला आधी घ्यायचा, हे त्या-त्या न्यायालयालाच नीट कळते. शिवाय वरच्या कोर्टात जाणे परवडणाऱ्याचा दावा रांग मोडून पुढे सरकतो आणि बाकीचे मागे राहतात.

म्हणून याचिकेत केवळ ‘उशीर झाला’ म्हणणे पुरत नाही. पक्षकाराचे वय, आजार यांसारखे निकडीचे कारण हवे. तहकुबी कोणी मागितली, हे रोजनाम्यातून दिसते. ती स्वतःच मागितली असेल तर बाजू लंगडी पडते.

एका दाव्याला मुदत मिळाल्याने रांग लहान होत नाही. त्यासाठी न्यायाधीशांची रिक्त पदे भरणे आणि तहकुबींना लगाम घालणे, हाच उपाय आहे.