पोराला रागावू नका, पेव्हर ब्लॉक उखडा

मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमाराला माझ्या दवाखान्यात एक ठरलेलं दृश्य असतं. सहा-सात वर्षांचं मूल, एका हातानं दुसरा हात धरून आलेलं, कोपर टम्म सुजलेलं. सोबत आई, ऑफिसातून थेट धावत आलेले वडील आणि आजी. मी मुलाला हात लावायच्या आत खटला सुरू झालेला असतो. "किती वेळा सांगितलं तुला, त्या बारला लटकू नकोस म्हणून!" मग सुनेकडे वळून, "तू तिथंच बसली होतीस ना गं? मग लक्ष कुठं होतं, मोबाईलमध्ये?" आई रडत असते आणि मूल दुखण्यापेक्षा धाकानंच गप्प असतं.

अशा वेळी मी एकच विचारतो, "खाली काय होतं?"

"खाली म्हणजे?"

"पडला तिथं. वाळू, माती, फरशी?"

"पेव्हर ब्लॉक आहेत डॉक्टर. मागच्याच वर्षी सोसायटीनं नवीन बसवले. आधी पावसाळ्यात फार चिखल व्हायचा."

खरा आरोपी तो ब्लॉक आहे. तो सोडून सगळ्यांची उलटतपासणी चाललेली असते.

थोडं शाळेतलं गणित करू. दोन मीटर उंचीच्या बारवरून हात सुटला, तर जमिनीवर पोचायला साधारण ०.६४ सेकंद लागतात. जगातली सर्वांत सावध आईसुद्धा बाकावरून उठून तेवढ्यात पोचू शकत नाही. जमिनीला टेकताना मुलाचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. हा वेग शून्यावर यायला किती अंतर मिळतं, त्यावर पुढचं सगळं ठरतं. मोकळ्या वाळूत शरीर काही सेंटिमीटर रुतत, सरकत थांबतं. सिमेंटवर तेच थांबणं जवळजवळ जागच्या जागी होतं आणि उरलेला मार हाड खातं किंवा डोकं खातं.

पडताना माणूस नकळत हात पुढे करतो. मुलांच्या कोपराच्या जरा वर दंडाचं हाड चपटं आणि पातळ असतं, आणि पाच ते सात या वयात ते तिथंच मोडण्याचा संभव सर्वाधिक असतो. याला आम्ही सुप्राकॉन्डायलर फ्रॅक्चर म्हणतो. "हात मोडला, प्लास्टर घालू" इतकं ते नेहमीच सोपं नसतं. कोपराच्या पुढून हाताची मुख्य रक्तवाहिनी आणि महत्त्वाच्या नसा जातात. सरकलेलं हाड त्यांना टोचतं किंवा दाबतं. मग भूल देऊन हाड जागेवर बसवायचं, बाहेरून तारा घालायच्या, त्या तीन-चार आठवड्यांनी काढायच्या. रक्तपुरवठा तुटला आणि ते वेळेत लक्षात आलं नाही, तर काही तासांत पुढच्या हाताचे स्नायू मरतात आणि बोटं कायमची आखडतात. व्होल्कमान या जर्मन सर्जननं १८८१ साली याचं वर्णन करून ठेवलंय. आजही मला असे हात बघायला लागतात, बहुतेक वेळा कुणीतरी मालिश करून, कामट्या लावून कचकचीत बांधल्यानंतर.

"आम्ही नाही का पडलो लहानपणी? मुलं पडूनच शिकतात." हे मला प्रत्येक बैठकीत ऐकावं लागतं, आणि ते निम्मं खरं आहे. मुलांनी चढावं, लटकावं, पडावंसुद्धा. झोपाळे काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही; घरात मोबाईल घेऊन बसलेलं मूल मला जास्त काळजीत टाकतं. पण तुम्ही आंब्याच्या झाडावरून पडलात ते मातीत, पाचोळ्यात. सूरपारंब्या काँक्रीटवर खेळल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असंही नाही. तालमीतला हौदा बघा. कुस्तीच्या आधी पैलवान फावड्यानं लाल माती खणून भुसभुशीत करतात. पाठीवर आपटणाऱ्या माणसाला खालून काय लागणार, याचा विचार त्यात आहे. जिल्हा परिषदेच्या साध्या शाळेतही लांब उडीसाठी वाळूचा खड्डा असतो. म्हणजे आडवी उडी मारणाऱ्याला वाळू, आणि दोन मीटरवरून उभं खाली पडणाऱ्या सहा वर्षांच्या पोराला पेव्हर ब्लॉक! हा हिशेब कुणी केला?

कुणी केलाच नाही. खेळणी विकत घेताना रंग पाहिला जातो, घसरगुंडी हत्तीच्या सोंडेची हवी की सरळ यावर अर्धा तास चर्चा होते. खालची जमीन म्हणजे फक्त झाडायला सोपी असावी, एवढीच अपेक्षा. मी एका सोसायटीला पत्र लिहिलं होतं. दोन महिन्यांनी तिथं पाटी लागली: 'मुलांनी स्वतःच्या जबाबदारीवर खेळावे.' ती वाचण्याइतकी अक्षरओळखही ज्यांना नाही, त्यांच्यावर जबाबदारी टाकून कमिटी मोकळी झाली.

आता वाळूविरुद्धच्या तक्रारी. मांजरं घाण करतात: रात्री ताडपत्री टाका. घरात वाळू येते: येते, झाडून काढा. पाणी साचतं: खाली खडीचा थर आणि निचरा नीट करा. वाळू दबते: आठवड्यातून एकदा माळ्यानं फावड्यानं परतायची, तालमीसारखीच. खर्च? एका मुलाच्या हातात तारा घालायला काय लागतं ते कुठल्याही हॉस्पिटलात विचारा आणि वाळूच्या ट्रॉलीशी ताडून पहा. मात्र क्रश सँड नको, ती दाबून घट्ट बसते. धुतलेली, गोलसर कणांची वाळू हवी.

किती? युरोपातल्या मानकानुसार दोन मीटरपर्यंतच्या पडण्यासाठी २० सेंटिमीटर वाळू लागते, आणि मुलांच्या पायांनी ती विस्कटते म्हणून वर आणखी १०. म्हणजे एक फूट. दोन घमेली ओतून 'वाळू टाकली' म्हणू नका. साधी हिरवळ आणि माती त्याच मानकात एक मीटरपर्यंतच चालते, आणि आपल्याकडची एप्रिलमधली माती तर दगडच झालेली असते. वाळू ही गरिबांची तडजोडही नव्हे. टोरोंटोच्या शाळांतला एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लाकडाच्या तुकड्यांच्या थरापेक्षा वाळूवर हात मोडण्याचं प्रमाण बरंच कमी आढळलं.

रबराच्या टाइल्सबद्दल सावध राहा. चांगल्या टाइल्स असतात, पण जाडीनुसार त्यांची उंचीची मर्यादा ठरलेली असते. विक्रेत्याला विचारा: "किती उंचीवरून पडण्यासाठी ही तपासली आहे? कागद दाखवा." काँक्रीटवर चिकटवलेली बोटभर जाड चटई ही निव्वळ रंगरंगोटी आहे. काँक्रीटवर थेट अंथरलेलं प्लास्टिकचं गवतही तसंच. शोभेसाठी कडेनं लावलेल्या उभ्या विटांवर तर मुलांची डोकी आपटतात. खेळण्याभोवती चारही बाजूंनी सहा फूट जागा मोकळी हवी, झोपाळ्याच्या पुढे-मागे त्याहून बरीच जास्त.

(ओघात एक. लहान बाळाला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून येऊ नका. बाळाचा बूट कडेला अडकतो, तुमचं वजन त्याला पुढे ढकलतं आणि नडगीचं हाड पिरगळून मोडतं. प्रेमानं मोडलेले असे पाय मी बरेच पाहिलेत.)

मूल पडलंच, तर हात ओढू नका, चोळू नका, सरळ करायचा प्रयत्न करू नका. आहे त्या स्थितीत पुठ्ठा किंवा उशीचा आधार द्या, ओढणीची सैल झोळी करा आणि निघा. भूल द्यावी लागू शकते म्हणून वाटेत काही खायला-प्यायला देऊ नका, कितीही कळवळला तरी. बोटं पांढरी-निळी किंवा गार पडली, मुंग्या आल्या, बोटं हलवताना जीव जाईल असं दुखलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. डोक्याला मार लागून उलट्या, गुंगी, झटका, असंबद्ध बोलणं किंवा नाका-कानातून पाणी अथवा रक्त आलं, तरीही लगेच हॉस्पिटल गाठा. आणि रस्त्यात त्याला बोलू नका. त्याची चूक नव्हती.

गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. नोटीस निघायच्या आधी सेक्रेटरींना लेखी द्या, म्हणजे विषय 'आयत्या वेळचे' मध्ये ढकलला जाणार नाही. सोबत टेप लावून मोजलेली उंची द्या: बारची, घसरगुंडीच्या माथ्याची, झोपाळ्याच्या आडव्या दांड्याची. खाली काय आहे त्याचा फोटो जोडा. महापालिकेची बाग असेल तर हाच कागद वॉर्ड ऑफिसात, उद्यान विभागाच्या नावे द्या आणि पोच घ्या. दहा पालकांच्या सह्या असल्या तर उत्तम. ज्या घरातल्या मुलाच्या हाताला आत्ता प्लास्टर आहे, त्यांची सही पहिली घ्या.