तीन अदृश्य दिवे

संगणकावर विमान चालविण्याचा खेळ खेळणाऱ्या मुलास असें वाटतें कीं, आपण मान वळविली म्हणजे पडद्यावरील देखावाही वळावा. ही हौस पुरविणारें यंत्र बाजारांत तयार मिळतें. टोपीला लावावयाचे तीन अदृश्य प्रकाशाचे दिवे आणि ते पाहणारा एक कॅमेरा, एवढाच त्याचा संसार. मुलानें ह्या यंत्राची गोष्ट काढली म्हणजे कांहीं पालक मुकाट्यानें पैसे मोजतात, आणि कांहीं "आधीं अभ्यास कर" असें म्हणून विषय संपवितात. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें चुकीचीं आहेत. तें यंत्र मुलानें घरीं करावें, आणि तेंही थोडक्या पैशांत करावें. हें आम्ही केवळ काटकसरीकरितां म्हणत नाहीं. पैसे बेताचे असले म्हणजे प्रत्येक वस्तु कशासाठीं हवी हें मुलास स्वतःशीं ठरवावें लागतें, आणि खरें शिक्षण तेथेंच होतें.

हा अदृश्य प्रकाश नवा नाहीं. इ. स. १८०० मध्यें विल्यम हर्षल ह्या ज्योतिर्विदानें लोलकांतून पडलेल्या रंगांच्या पट्ट्यांत उष्णतामापकें ठेविलीं, तेव्हां तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें पारा सर्वांत अधिक चढलेला त्यास आढळला. तेच हे अवरक्त किरण. आज दूरचित्रवाणीच्या रिमोटमधून तेच निघतात.

ह्या किरणांचा घरगुती उपयोग जगापुढें ठळकपणें आला तो २००७ च्या अखेरीस. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठांत जॉनी ली नांवाचा विद्यार्थी संशोधन करीत होता. निन्तेन्दो कंपनीच्या 'वी' ह्या खेळांत हातीं धरावयाच्या दांड्यांत एक लहानसा अवरक्त कॅमेरा असतो आणि दिवे पडद्यापाशीं स्थिर असतात. लीनें ही मांडणी उलटी केली. कॅमेरा पडद्यापाशीं ठेविला आणि दोन दिवे चष्म्याच्या दोन बाजूंस बसवून स्वतः घातले. झालें! डोकें हलवितांच पडद्यावरील जवळच्या व दूरच्या वस्तु, आगगाडीच्या खिडकींतून दिसाव्या तशा, कमीअधिक सरकूं लागल्या आणि सपाट पडदा खोल भासूं लागला. त्यानें नवा कॅमेरा शोधला नाहीं कीं नवा दिवाही शोधला नाहीं. जागांची अदलाबदल मात्र केली.

आतां ह्यांतील भूमिति पाहा. दोन दिव्यांमधील खरें अंतर आपणांस ठाऊक असतें. डोकें कॅमेऱ्यापासून दुप्पट दूर गेलें कीं चित्रांत तें अंतर निम्में दिसतें. हा समरूप त्रिकोणांचा सिद्धान्त, जो आपण परीक्षेपुरता पाठ करतों! पण येथें एक अडचण येते. मान बाजूला वळविली तरीही दोन दिवे चित्रांत जवळ येतात. मग डोकें दूर गेलें कीं वळलें हें कॅमेऱ्यानें ओळखावें कसें? म्हणून तिसरा दिवा, आणि तो ह्या दोघांच्या रेषेंत न ठेवतां थोडा वर व थोडा मागें ठेवावयाचा. एवढ्यानें डोक्याच्या सहाही हालचाली, म्हणजे तीन सरकण्याच्या व तीन वळण्याच्या, गणितानें काढतां येतात. तिसरा दिवा कां, हें ज्या मुलानें स्वतः विचार करून काढलें, त्याला भूमितीची भीति पुन्हां वाटेल असें आम्हांस वाटत नाहीं.

विजेचा हिशेबही असाच सोपा आहे. संगणकाच्या यूएसबी खांचेंतून ५ व्होल्ट मिळतात. अशा एका एलईडीस सुमारें १.३ व्होल्ट लागतात. तीन एकामागून एक जोडले म्हणजे ३.९ झाले आणि १.१ उरले. प्रवाह २० मिलिअँपिअर ठेवावयाचा तर ओहमच्या नियमानें ५५ ओहमचा रोध पाहिजे. दुकानांत ५६ चा मिळतो, तो चालतो. दिवे ८५० नॅनोमीटर लहरींचे घ्यावे, कारण ९४० चे साध्या कॅमेऱ्यास अंधुक दिसतात. दिव्याचें गोल टोंक बारीक पॉलिश कागदानें घासून सपाट केलें म्हणजे प्रकाश चोहोंकडे पसरतो व मान वळविली तरी कॅमेऱ्यास दिवा दिसत राहतो. दिवे, रोध आणि मोडक्या चार्जरची तार मिळून पन्नास रुपयांच्या आंत काम होतें; कॅमेरा म्हणून घरांतला जुना वेबकॅम घ्यावा.

त्या वेबकॅमच्या भिंगामागें अवरक्त किरण अडविणारी एक बारीक कांच असते. ती हलक्या हातानें काढावी लागते, आणि येथेंच घाई करणारे फसतात. मग दिसणारा प्रकाश अडवून अवरक्त तेवढा जाऊं देणारें कांहीं तरी पुढें लावावयाचें. रंगीत फिल्मच्या धुतलेल्या पट्टीचा अगदीं काळा तुकडा त्यास उत्तम. कृष्णधवल फिल्मचा मात्र चालत नाहीं, कारण तिच्यांतील चांदीचे कण अवरक्त किरणही अडवितात. खिडकीच्या उन्हांत बसूं नये. सूर्यही हेच किरण पाठवितो आणि कॅमेरा गोंधळतो.

पालकांनीं एका गोष्टीवर स्वतः लक्ष ठेवावें. हा प्रकाश दिसत नसल्यामुळें डोळा आपोआप मिटत नाहीं. म्हणून मोठ्या शक्तीचे दिवे मुळींच आणूं नयेत, आणि कोणताही दिवा डोळ्यांजवळ धरून पाहूं नये. दिवा लागला कीं नाहीं हें पुष्कळ मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यांतून दिसतें.

कोणी म्हणेल, आतां साधा कॅमेरा नुसत्या चेहऱ्यावरून मानेची दिशा ओळखतो, मग हे दिवे कशाला? म्हणणें खरें आहे. ओपनट्रॅक नांवाची जी फुकट मिळणारी प्रणाली ह्या तीन बिंदूंवरून हिशेब करते, तीच दिव्यांवांचून, चेहऱ्यावरूनही काम करूं शकते. ज्याला फक्त खेळावयाचें आहे त्यानें खुशाल तसें करावें. परंतु चेहरा ओळखणाऱ्या त्या यंत्रणेच्या पोटांत काय चालतें हें नववीच्या मुलास उघडून दाखवितां येत नाहीं. तीन ठिपक्यांचा हिशेब कागदावर मांडून दाखवितां येतो.

आणि ही विद्या केवळ खेळाची नाहीं. ज्यांचे हात चालत नाहींत अशा माणसांनीं कपाळावर चकाकणारा ठिपका लावून संगणकाचा बाण हलवावा, अशीं साधनें ह्याच तत्त्वावर निघालीं. लॉस एंजेलिस येथील भित्तिचित्रकार टोनी क्वान ह्यांस २००३ मध्यें मज्जातंतूंचा असाध्य रोग असल्याचें निदान झालें आणि पुढें डोळ्यांखेरीज त्यांचें शरीर हलेनासें झालें. २००९ मध्यें कांहीं मित्रांनीं स्वस्त चष्म्याची चौकट, खेळाच्या यंत्राचा एक छोटा कॅमेरा आणि अवरक्त दिवे जोडून त्यांच्यासाठीं 'आयरायटर' केलें. तें मानेऐवजीं बुबुळाची हालचाल टिपतें. अंथरुणावर पडल्यापडल्या क्वान पुन्हां चित्रें काढूं लागले. यंत्राची सर्व कृति त्या मित्रांनीं कोणालाही फुकट वाचतां येईल अशी प्रसिद्ध केली.

म्हणून आमची एक सूचना आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनांत असें यंत्र मांडलें तर त्याच्याशेजारीं खर्चाची चिठ्ठी व रोधाचा हिशेब टांगावा. परीक्षकांनीं यंत्राच्या चकचकाटाकडे न पाहतां मुलास एवढेंच सांगावें, "मधला दिवा काढ, आणि आतां काय बिघडेल तें आधीं सांग."