नातीच्या पुस्तकातील गृहीतके

घरातील नात 'क्लॅट'ची, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत असेल, तर तिचे तर्कविभागाचे पुस्तक आजी-आजोबांनी अवश्य उघडावे. परीक्षेत 120 मिनिटांत 120 प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. आपणांस ती घाई नाही. (पदवी अभ्यासक्रमाच्या या परीक्षेस वयाची कमाल मर्यादा नाही, हे जाता जाता!) उतारा वाचावा, त्यातील निष्कर्ष शोधावा आणि न लिहिलेले गृहीतक बोलून दाखवावे. हे शेवटचेच खरे कठीण.

आता हेच घरी लावून पाहा. 'रक्तदाब तीन आठवडे 130 च्या आत आहे, म्हणून गोळीची आवश्यकता उरली नाही.' निष्कर्ष सरळ वाटतो. गृहीतक असे की, गोळीवाचूनही दाब तेवढाच राहिला असता. वस्तुतः तो बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो. ती परस्पर बंद केल्यास पुन्हा चढू शकतो, आणि कित्येकदा कोणतेही लक्षण न दाखविता. शुश्रूषा करणाऱ्याने अशा वेळी वाद घालू नये. 'यात गृहीत काय धरले आहे?' एवढेच विचारावे आणि गोळीचा निर्णय डॉक्टरांकडे न्यावा.