गाडी ‘मिसिंग’ करते तेव्हा



आमच्या शेजारी एक जोडपे जेवणाचे डबे पुरवते. वहिनी पहाटे चारला उठून पोळ्यांना लागतात आणि भाऊ साडेअकराच्या आत अंबरनाथच्या एमआयडीसीत साठ डबे पोहोचवतो. या सगळ्याचा भार एका जुन्या मारुती व्हॅनवर आहे. व्हॅन पंचविशी ओलांडलेली, कार्बोरेटरची, आणि यांच्याकडे आली ती तिसऱ्या हाताने.

गेल्या पावसाळ्यात ही व्हॅन झटके देऊ लागली. उभी असताना थरथरायची, पूल चढताना दम सोडायची, सायलेन्सरातून फट्‌फट् आवाज आणि कच्च्या पेट्रोलचा वास. दोनदा डबे उशिरा गेले आणि एका कारखान्याने बारा डबे बंद केले. भाऊ गॅरेजमध्ये गेला. मेकॅनिकने उभ्या-उभ्या ऐकले आणि सांगितले, “इंजिन उतरवावं लागेल. वीस हजार धरून चाला.” त्या रात्री भाऊ आमच्याकडे आला तो सल्ला विचारायला नव्हे. वहिनींची पोत गहाण टाकायची होती, सोबतीला चला म्हणाला.

आम्ही त्यास एवढेच विचारले, “कोणता सिलिंडर बंद आहे, ते त्याने सांगितलं का?”

“नाही दादा. मी विचारलंच नाही.”

आमच्याच चाळीत एक मामा राहतात. त्यांनी उभा जन्म मुंबईत पद्मिनी टॅक्सी चालवली. ती टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून निवृत्त झाली, मामा त्याच्या आधीच. त्यांना बोलावले. मामांनी पाना हातात घेण्याआधी दोन प्रश्न विचारले. “त्रास सकाळी जास्त की दुपारी?” भाऊ म्हणाला, सकाळी, आणि पाऊस असला की फारच. “ऊन पडलं की कमी होतो?” होतो. मामा म्हणाले, “मग इंजिन उघडायची घाई नको. पिस्टनला ऊन-पाऊस कळत नाही. ओल वायरीला बाधते.”

मिसिंग म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. या व्हॅनला तीन सिलिंडर असतात. प्रत्येकात हवा-पेट्रोलचे मिश्रण येते, दाबले जाते आणि प्लगच्या ठिणगीने पेटते. इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एकेक सिलिंडर ४०० वेळा पेटतो, म्हणजे दर दोन फेऱ्यांना एकदा. एक सिलिंडर पेटायचा थांबला की तिसरा हिस्सा ताकद गेली. पेट्रोल मात्र तो ओढतच राहतो. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरातून जाते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑईल धुऊन इंजिनची झीजही वाढवते. म्हणून ‘चालते तोवर चालू दे’ हे म्हणणेही महागात पडते.

पेटण्यास तीन गोष्टी लागतात. वेळेवर ठिणगी, योग्य मिश्रण आणि पुरता दाब, म्हणजे कम्प्रेशन. तिन्हींपैकी कोणती कमी पडते, हे शोधणे म्हणजेच निदान. इंजिन उतरवणे हा फक्त तिसऱ्या गोष्टीवरचा उपाय, आणि सर्वांत महाग तोच.

या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते. सीट उचलली. मामांनी प्लगच्या वायरींना चिकटपट्टी लावून १, २, ३ असे आकडे घातले. पेटण्याचा क्रम १-३-२ असतो, वायरी अदलाबदल झाल्या तर नवाच घोटाळा. पेट्रोल कुठे गळत नाही हेही पाहून घेतले, कारण पुढे ठिणगी पाडायची होती. मग इंजिन बंद ठेवून पहिली वायर काढली, तिच्या टोकाला एक जुना प्लग लावला, तो प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवून बसवला आणि दूर होऊन गाडी सुरू केली. इंजिन बंद पडता पडता राहिले. म्हणजे पहिला सिलिंडर काम करीत होता. ती वायर परत बसवून हाच प्रयोग दुसऱ्यावर केला. इंजिनात काहीही फरक नाही! तिसऱ्यावर केला, पुन्हा इंजिन लटपटले. दोषी दुसरा सिलिंडर.

दुसऱ्या वायरीवर लावलेल्या प्लगची ठिणगी बारीक, पिवळसर आणि मध्येच गायब होणारी होती. म्हणजे दोष प्लगच्या अलीकडे. मग पहिली आणि दुसरी वायर फक्त आपापसांत बदलली, टोके मात्र आपापल्याच जागी. मिसिंग पहिल्या सिलिंडरवर गेले. आता शंकाच उरली नाही. संध्याकाळ होती, घरातला दिवा मालवला. वायर जिथे लोखंडी पट्टीला घासत होती तिथे निळी ठिणगी उडताना भावाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. उष्णतेने रबर कडक होऊन तडकले होते. ओल आली की वीज प्लगपर्यंत न जाता तिथेच उतरत होती.

दुसऱ्या दिवशी वायरींचा नवा संच आणि तीन प्लग आणले, प्लगचा गॅप फीलर गेजने पाहिला, डिस्ट्रिब्युटरची कॅप कोरड्या फडक्याने पुसून तडा नाही ना ते तपासले. खर्च हजाराच्या आत. पोत गळ्यातच राहिली.

तो मेकॅनिक लबाड होता असे आम्ही म्हणत नाही. त्याने अंदाज केला आणि आपण तो निकाल समजलो. चूक दोघांची.

आमच्या वाचकांपैकी कुणाकडे जुनी गाडी असेल तर काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. ओलीत त्रास वाढत असेल तर वायर, कॅप, कॉइल पाहा. उभी असताना मिसिंग आणि वेग वाढताच ठीक, तर हवा ओढणारी तडकलेली रबरी नळी किंवा कार्बोरेटर पाहा. चढावर किंवा वेगात दम सोडत असेल तर पेट्रोल फिल्टर तुंबलेला असू शकतो. प्लग काढून त्याचा रंगही पाहावा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट काळा असेल तर ऑईल आत जाते आहे. पेट्रोलने ओला असेल तर बहुधा ठिणगीच नाही.

यातून काही सापडले नाही, तर गेज लावून तिन्ही सिलिंडरांचे कम्प्रेशन मोजून घ्यावे. एकाचे फार कमी आले, तर त्यात चमचाभर इंजिन ऑईल घालून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. असा आकडा समोर आल्यावर मात्र इंजिन उघडण्यास कचरू नये. तो खर्च खराच आहे.

दोन इशारे. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, चालू इंजिनवर तिला हात लावू नये. आणि सायलेन्सरात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असेल तर वायर काढून इंजिन काही सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये, न जळलेल्या पेट्रोलने तो तापून खराब होतो. नव्या इंजेक्शनच्या गाड्यांवर हा प्रयोग करूच नये. तिथे स्कॅनर लावून कोड वाचतात. पी ०३०२ आला तर दुसरा सिलिंडर, पी ०३०३ आला तर तिसरा.

एका वेळी एकच वस्तू बदलावी, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. काढलेला भाग मेकॅनिककडून परत मागून घ्यावा. आणि पैसे मोजण्याआधी भावाने विचारला नव्हता तो प्रश्न विचारावा: “कोणता सिलिंडर, आणि कशावरून?” जाणता मेकॅनिक या प्रश्नाने रागावत नाही, तो सीट उचलून दाखवतो.