वारसांच्या यादीत बहीण कुठे?

घरातील कर्ता पुरुष गेला की तेराव्यापर्यंत कागदपत्रांचा विषय काढायचा नाही, असा आमच्या सुदुंबऱ्याकडे संकेत आहे. तो मला मान्य आहे. परंतु तेराव्यानंतर जे घडते ते मान्य नाही. तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारसनोंदीचा अर्ज जातो आणि तो लिहायला बसतो घरातला कॉलेजात जाणारा मुलगा. वडीलधारे नावे सांगत जातात : आई, थोरला, धाकटा. लग्न झालेल्या बहिणीपाशी आवाज खाली येतो. "तिचं आता तिकडं आहे ना सगळं!"

कायद्याने तिचे इकडेही आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाची आई, विधवा, मुलगे आणि मुली हे सारे पहिल्या वर्गातील वारस. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीतही मुलगी जन्मतः मुलाच्या बरोबरीची झाली.

कोर्टाचा वारसदाखला मिळतो तो मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या आठव्या रेग्युलेशनखाली. कंपनी सरकारचा कायदा, पण शहाणा! दाखल्यापूर्वी जाहीरनामा काढून हरकतींसाठी महिन्याची मुदत देतात. आणि दाखल्याने मालकी ठरत नाही, मालमत्तेची व्यवस्था पाहण्याचा अधिकार तेवढा मान्य होतो. आपल्याकडे मात्र ज्याच्या हाती दाखला तोच मालक.

कोणी म्हणेल, बहिणी स्वखुशीने हक्क सोडतात. सोडू देत. तुकोबांनी वडिलांच्या सावकारीची खते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. परंतु त्याआधी निम्मी खते धाकट्या कान्होबाच्या हाती दिली. बुडविला तो स्वतःचा वाटा. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी जगनाडे महाराजांची समाधी आमच्या गावात आहे, तेव्हा ही गोष्ट इथे कोणाला नवी नाही. बहिणीचे नाव आधी सातबाऱ्यावर लागावे. मग तिला वाटले तर तिने दुय्यम निबंधकापुढे हक्कसोडपत्र नोंदवावे, तेही चाकण-तळेगाव पट्ट्यात आज गुंठ्याला काय भाव आहे ते ऐकून. भाऊबीजेच्या साडीवर हा व्यवहार मिटू नये.

२०२५ साली सरकारने 'जिवंत सातबारा' मोहीम काढली. मयत खातेदारांच्या जागी वारस लावायचे, हेतू उत्तम. परंतु अर्जात बहिणीचे नावच नसेल तर नोटीस तिला जाणार कशी? फेरफाराच्या हरकतीला १५ दिवस असतात, आणि चावडीवर चिकटवलेला कागद सासरी नांदणाऱ्या बाईला दिसत नाही. अर्ज लिहिणाऱ्या आम्हा मुलांना तेवढ्या दिवसांत तिला एक फोन करता येईल.